ई-कचऱ्यातील सोने आणि वनस्पतींची चाळण

प्रतिनिधी

सराफ बाजारात झारेकऱ्यांचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीतील राख आणि गटारातील गाळ विकत घ्यायचा, तो धुवायचा आणि त्यातून गुंजभर का होईना, सोने वेगळे काढायचे, असे या व्यवसायाचे स्वरूप. आज जगापुढे अशाच कामाचा एक प्रचंड ढिगारा उभा आहे. फरक इतकाच की, हा केर सोनाराच्या दुकानातला नसून जुने मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच आणि त्यांतील सर्किट बोर्ड यांचा आहे. त्यातील सोने पाण्याने धुऊन निघत नाही. त्यासाठी तीव्र आम्ले लागतात आणि त्या आम्लांची किंमत माणसांना, मातीला व नद्यांना मोजावी लागते. या आम्लांच्या द्रावणातून सोने वेचून घेण्याचे काम फळांची साल, लाकडातील लिग्निन, मक्याचा स्टार्च अशा वनस्पतिजन्य पदार्थांवर सोपविता येते, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. हे शास्त्र नेमके काय आहे, ते कुठवर पोहोचले आहे आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, याचा हा आढावा.

खाणीपेक्षा श्रीमंत कचरा

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेसाठी गेल्याची नोंद असलेला कचरा केवळ २२.३ टक्के होता. २०३० पर्यंत हा कचरा वर्षाला ८ कोटी २० लाख टनांवर जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. २०२२ च्या कचऱ्यात दडलेल्या धातूंचे मूल्य ९१ अब्ज डॉलर आणि त्यातील एकट्या सोन्याचे मूल्य १५ अब्ज डॉलर असल्याचे त्यात म्हटले आहे. चीन आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक ई-कचरा निर्माण करणारा देश भारत आहे.

सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते. त्यामुळे सर्किट बोर्डावरील जोडण्या, सिमकार्ड, मेमरी कार्ड आणि चिपमधील केसासारख्या तारांमध्ये त्याचा वापर होतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, बॅटरी आणि चार्जर वगळता ११३ ग्रॅम वजनाच्या एका मोबाइलमध्ये सरासरी १६ ग्रॅम तांबे, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोने आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम होते. आकडे नगण्य वाटतात. परंतु याच प्रमाणात एक टन मोबाइलमध्ये सुमारे ३०० ग्रॅम सोने भरते. खाणीतील एक टन दगडात काही ग्रॅम सोने असले तरी ती खाण चालविणे परवडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कचऱ्याला 'नागरी खाण' का म्हणतात ते उमगते.

टोकियो ऑलिम्पिकच्या संयोजकांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत जपानी नागरिकांकडून ७८,९८५ टन जुनी उपकरणे आणि सुमारे ६२ लाख मोबाइल गोळा करण्यात आले. त्यातून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. २०२१ मध्ये प्रत्यक्षात पार पडलेल्या त्या स्पर्धांतील सुमारे पाच हजार पदके याच धातूंची होती.

सोने निघते कसे?

सर्किट बोर्डातून सोने काढण्याचे आज दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, महाकाय भट्ट्यांचा. बेल्जियममधील अँटवर्पजवळच्या होबोकेन येथील युमिकोर कंपनीच्या प्रकल्पात असे बोर्ड वितळवून सोन्या-चांदीसह अनेक धातू वेगळे केले जातात. धूर शुद्ध करण्याच्या यंत्रणेसह असा प्रकल्प उभारण्यासाठी लागणारे भांडवल मोजक्याच उद्योगांना परवडते.

दुसरा मार्ग द्रावणाचा. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक या आम्लांचे तीनास एक या प्रमाणातील मिश्रण म्हणजे अम्लराज. यातील नायट्रिक आम्ल सोन्याचे ऑक्सिडीकरण करते आणि हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड सोन्याच्या अणूला कवेत घेऊन द्रावणात टिकवून धरते. मग दुसरे रसायन टाकून हे सोने साक्याच्या रूपात खाली बसविले जाते.

उत्तम कारखान्यात ही प्रक्रिया बंदिस्त पात्रात होते. आपल्या देशात मात्र ई-कचऱ्याचा मोठा हिस्सा असंघटित क्षेत्रात जातो. दिल्लीतील सीलमपूरमध्ये उपकरणे सुटी होतात; पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये सर्किट बोर्ड जाळून, त्यांची राख धुऊन धातू काढण्याचा व्यवसाय वाढला. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१५ मध्ये तेथील माती आणि पाण्याच्या नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा जड धातूंचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आढळले. बोर्ड जाळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात, झाळणातील शिसे धुरात मिसळते आणि उघड्या बादलीतील आम्लातून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे तपकिरी धूर निघतात. काम संपले की, तांबे आणि उरलेसुरले सोने सामावलेले ते द्रावण गटारात ओतले जाते. म्हणजे विष तर पसरतेच, शिवाय सोन्याचा अंशही वाया जातो.

नारळाच्या करवंटीचा जुना धडा

वनस्पतींच्या साह्याने द्रावणातील सोने पकडणे ही कल्पना नवी नाही. सोन्याच्या खाणींत ती कित्येक दशके रोजच्या वापरात आहे. तेथे दळलेल्या खनिजातील सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवितात आणि ते टिपण्यासाठी नारळाच्या करवंटीपासून बनविलेला सक्रिय कोळसा वापरतात. करवंटीचा कोळसा कठीण असतो, त्यामुळे ढवळताना त्याचा भुगा होत नाही; आणि त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर सोन्याची संयुगे चिकटून राहतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यातील होमस्टेक खाणीत १९७३ मध्ये ही पद्धत पूर्ण प्रमाणात सुरू झाली आणि नंतर जगभर पसरली.

ई-कचऱ्याची अडचण वेगळी आहे. सर्किट बोर्डाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तांब्याचा असतो. लोखंड, कथिल, शिसे, जस्त, निकेल हेही असतात. अशा गर्दीतून नेमके सोनेच निवडणारा पदार्थ हवा. त्याचा शोध शास्त्रज्ञांना तुरट चवीपर्यंत घेऊन गेला.

तुरटपणाचे रसायन

कच्चे केळे किंवा हिरडा चावला की जीभ आखडते. ही किमया टॅनिन या द्रव्यवर्गाची. टॅनिनच्या रेणूत हायड्रॉक्सिल गटांची रेलचेल असते आणि हे गट इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतात. याउलट द्रावणातील सोन्याचा आयन इलेक्ट्रॉन मिळविण्यासाठी अतिशय उत्सुक असतो. दोघांची गाठ पडली की, टॅनिनचे ऑक्सिडीकरण होते, सोन्याचे क्षपण होते आणि विरघळलेले सोने पुन्हा धातुरूपात येऊन टॅनिनच्या पृष्ठभागावर साचते. तांबे, लोखंड आणि जस्त यांना या परिस्थितीत टॅनिनकडून असे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. तीव्र आम्लात ते टॅनिनला चिकटूनही राहत नाहीत. म्हणून ते द्रावणातच राहतात. ही निवड करण्याची क्षमता हेच या पद्धतीचे खरे बळ आहे.

टॅनिन पाण्यात विरघळते, त्यामुळे ते जसेच्या तसे वापरता येत नाही. त्याचे रेणू एकमेकांना सांधून न विरघळणारा जेल तयार करावा लागतो. जपानमधील ताकेशी ओगाता आणि योशिओ नाकानो यांनी २००५ मध्ये नैसर्गिक टॅनिनपासून असा जेल बनवून सोने पकडण्याच्या या क्रियेचा उलगडा केला. धातुरूप सोन्याचे थर साचत जात असल्याने हा जेल स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट सोने धरून ठेवतो, असे त्यांना आढळले.

जपानच्याच सागा विद्यापीठातील कात्सुतोशी इनोउए यांच्या गटाने या दिशेने दीर्घकाळ काम केले. या गटात अनेक नेपाळी संशोधक होते. त्यांनी निवडलेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे पर्सिमॉन या फळाचा चोथा आणि साल. पर्सिमॉन हे आपल्याकडील टेंभुर्णीच्या, म्हणजे विडीसाठी ज्याची पाने वापरतात त्या तेंदूच्याच प्रजातीतील झाड. त्याच्या कच्च्या फळाचा आंबविलेला रस जपानमध्ये कागद आणि लाकूड टिकाऊ करण्यासाठी पूर्वापार वापरला जातो. रस काढल्यावर उरणारा चोथा तीव्र गंधकाम्लाने सांधला की सोने पकडणारा जेल तयार होतो. २००९ मध्ये या गटाने त्याच चोथ्यावर आणखी एक रासायनिक प्रक्रिया करून सोन्याबरोबर पॅलेडियम आणि प्लॅटिनमही पकडता येते, हे दाखविले. कागद गिरण्यांत टाकाऊ ठरणारे लिग्निन आणि कापसातील सेल्युलोज यांच्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले. सोन्याने भरलेला जेल जाळला की वनस्पतीचा अंश नष्ट होतो आणि धातू मागे राहतो.

मक्याचा स्टार्च आणि फसलेला प्रयोग

दुसरी कथा अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातली. फ्रेझर स्टॉडार्ट यांच्या प्रयोगशाळेत झिचांग लिऊ हे संशोधक स्टार्चपासून मिळणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन या शर्करेच्या साह्याने घनाकृती रचना बनवू पाहत होते. सोन्याच्या क्षाराचे द्रावण त्यात मिसळताच घनाकृतीऐवजी सुयांसारखे बारीक स्फटिक झरझर खाली बसले. तपासणीअंती असे दिसले की, सहा ग्लुकोजच्या कड्याने बनलेल्या अल्फा सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये सोन्याचा ब्रोमाइडयुक्त आयन अचूक सामावतो. सात किंवा आठ ग्लुकोजच्या कड्यांत ही गंमत घडत नाही. २०१३ मध्ये हे संशोधन 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सायनाइडला पर्याय म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. रेण्वीय यंत्रांवरील वेगळ्या कामासाठी स्टॉडार्ट यांना २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०२४ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

वनस्पतिजन्य नसलेले, परंतु याच कुळातील एक उदाहरण स्वित्झर्लंडमधले आहे. झुरिच येथील ईटीएच संस्थेतील राफाएले मेझेंगा यांच्या गटाने २०२४ मध्ये चीज बनविताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांचा स्पंज तयार केला आणि संगणकांच्या २० मदरबोर्डांमधून ४५० मिलिग्रॅमचा गोळा मिळविला. त्यात ९१ टक्के सोने आणि उरलेले तांबे होते. केवळ शुद्ध द्रावणावर न थांबता प्रत्यक्ष कचऱ्यापासून सोन्यापर्यंतची साखळी पूर्ण केल्याने हा प्रयोग लक्षणीय ठरला.

पुण्यातील गवती चहा

वनस्पती आणि सोने यांच्या या नात्याचा एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कात सोन्याच्या क्षाराचे द्रावण मिसळून त्रिकोणी आकाराचे अतिसूक्ष्म सुवर्णकण मिळविले. 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाची जगभर दखल घेतली गेली. कडुनिंबाची पाने आणि आवळ्याचा अर्क यांच्यापासूनही या गटाने सुवर्णकण बनविले. पुढे २०१२ मध्ये हिरड्याच्या अर्काबाबतही असेच भारतीय संशोधन प्रसिद्ध झाले.

या संशोधकांचा उद्देश ई-कचऱ्यातील सोने काढणे हा नव्हता. त्यांना विशिष्ट आकाराचे सूक्ष्मकण हवे होते. परंतु घडणारी मूळ क्रिया एकच: वनस्पतीतील द्रव्य इलेक्ट्रॉन देते आणि विरघळलेले सोने धातुरूपात परतते.

कच्च्या मालाचीही आपल्याकडे वानवा नाही. जुन्नर, आंबेगाव, अकोले या सह्याद्रीच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. टॅनिनयुक्त हिरडा आणि बाभळीची साल यांचा उपयोग कातडी कमावण्यासाठी परंपरेने होत आला आहे. साखर कारखान्यांतील उसाच्या चोयट्यात सेल्युलोज आणि लिग्निन विपुल असते. या मालापासून सोने पकडणारा जेल बनविणारा उद्योग उभा राहायचा, तर पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना प्रत्यक्ष सर्किट बोर्डांच्या द्रावणावर काम करावे लागेल.

'हिरवा' शब्दामागे काय दडते?

येथे सावध राहण्याची गरज आहे. वनस्पतिजन्य जेल सोने पकडतो. तो सोने विरघळवीत नाही. त्यासाठी अम्लराज किंवा तत्सम तीव्र द्रव्य लागतेच. स्टॉडार्ट यांच्या पद्धतीतही सोने आधी हायड्रोब्रोमिक आणि नायट्रिक आम्लांत विरघळवावे लागते. मुरादाबादच्या कामगाराची फुप्फुसे निकामी करणारा धूर बोर्ड जाळताना आणि आम्लात बुडविताना निघतो. त्याच्या बादलीत शेवटी पर्सिमॉनचा जेल टाकला, तरी त्या धुरात तसूभरही फरक पडणार नाही.

दुसरी बाब जेलची. तो तयार करताना तीव्र गंधकाम्ल किंवा अन्य रसायने वापरावी लागतात, आणि जाळताना निघणारा वायू गाळावा लागतो. केवळ मूळ पदार्थ झाडापासून आला म्हणून सारी प्रक्रिया निर्दोष ठरत नाही. तिसरी बाब चांदीची. क्लोराइडयुक्त आम्लात चांदीचा क्लोराइड होऊन तो तळाशी बसतो. म्हणून चांदी या जेलपर्यंत पोहोचतच नाही, ती गाळातून वेगळी काढावी लागते. शिवाय सोने निघाल्यावरही तांब्याने भरलेले आम्लयुक्त पाणी, काचतंतू आणि प्लॅस्टिक शिल्लक राहतातच.

मग या संशोधनाचा उपयोग कोठे? जेथे द्रावणात सोने अत्यल्प आणि इतर धातू भरमसाट आहेत, तेथे. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी, शुद्धीकरणानंतर उरलेले द्रावण, सर्किट बोर्डांवर काम करणाऱ्या मध्यम आकाराच्या परवानाधारक घटकांतील शेवटची टाकी, ही अशी ठिकाणे. होबोकेनसारखी भट्टी परवडत नाही. परंतु बंदिस्त पात्र, धूर शोषणारी यंत्रणा आणि सांडपाणी प्रकल्प उभारता येतो, अशा उद्योगांना स्वस्त आणि निवडक पकड असलेला जेल उपयोगी पडू शकतो. आम्लाला पर्याय शोधण्याचे कामही सुरू आहे. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाने २०२० मध्ये संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड आणि सायट्रिक आम्ल यांच्या साह्याने वापरलेल्या लिथियम बॅटरींमधील कोबाल्ट, निकेल आदी धातूंपैकी सुमारे ९० टक्के भाग विरघळविला. सोने मात्र इतक्या सहजी बधणारे नाही.

कायदा आणि भंगारवाला

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले आणि मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या सुधारणेनंतर सध्याचे, २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या उपकरणांचा समावेश आहे. उत्पादकांनी आपल्या मालाच्या प्रमाणात नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, अशी व्यवस्था त्यांत असून हे उद्दिष्ट २०२३-२४ मधील ६० टक्क्यांवरून २०२७-२८ पासून ८० टक्क्यांवर जाणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ई-कचरा तिच्या कक्षेत आहे. महत्त्वाच्या खनिजांच्या सरकारी यादीत सोने नाही. पॅलेडियमचा समावेश असलेला प्लॅटिनम गट मात्र आहे. त्यामुळे सोन्याबरोबर पॅलेडियमही पकडणाऱ्या जेलला येथे वाव आहे.

प्रश्न महाराष्ट्राच्याही जिव्हाळ्याचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ मधील पाहणीत ई-कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि शहरांत मुंबई पहिल्या क्रमांकावर होती. आपल्या दारातून जुना संगणक घेऊन जाणारा भंगारवाला हाच आजही या साखळीचा पहिला दुवा आहे. तो अधिक पैसे देतो, घरापर्यंत येतो, म्हणून माल त्याच्याकडे जातो. त्याला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. गोळा करणे आणि सुटे करणे हे त्याचे कसब त्याच्याकडेच ठेवून, जाळणे आणि आम्लात बुडविणे हा धोकादायक भाग परवानाधारक कारखान्यात नेला आणि त्या सोन्याच्या किमतीतील रास्त वाटा त्याच्यापर्यंत पोहोचविला, तरच ही साखळी सुधारेल.

वाचकांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुनी उपकरणे विक्रेत्याच्या परत-घेणे योजनेत किंवा नोंदणीकृत केंद्रावर द्यावीत. आणि घरी सोने काढण्याच्या कृती दाखविणाऱ्या चित्रफितींच्या नादी कदापि लागू नये. एका मोबाइलमध्ये सोने असते ०.०३४ ग्रॅम; त्यासाठी लागणाऱ्या आम्लाचा एक शिंतोडा डोळा घालविण्यास पुरेसा आहे. फळाची साल सोने ओळखते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. ते सोने तिच्यापर्यंत आणताना कोणाचे हात भाजणार नाहीत, याची व्यवस्था करणे मात्र आपल्यालाच भाग आहे.